टाइमलाइनवर नसलेली हळद

आधीच सांगून टाकतो, माझा धंदाच लोकांच्या डोळ्यांना फसवण्याचा आहे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो मी. घोड्यावरून पडता पडता वाचलेला नवरदेव माझ्या पिक्चरमध्ये राजासारखा उतरतो, ढगाळ दुपारची सोनेरी संध्याकाळ होते, आणि जी करवली दिवसभर फुगून बसली होती ती हसताना दिसते, कारण तिचं हसणं मी आदल्या दिवसाच्या मेंदीतून उचलून आणलेलं असतं. त्यामुळे कुणी "हा बघ खरा भुताचा व्हिडिओ" म्हणून मोबाईल पुढे केला की मी आधी जोड कुठे मारलाय ते शोधतो. आणि सापडतो... दर वेळी सापडतो. भूत, चकवा, अंगात येणं, यातल्या कशालाही मी कधी भीक घातली नाही. आजही "असतं बुवा" असं तोंडातून निघत नाही. पण माझ्या लॅपटॉपला, माझ्याच केबलने जोडलेल्या टीव्हीवर मी कधी टाकलंच नव्हतं ते पाच माणसांनी बघितलं. इथे बरेच जाणकार आहेत म्हणून लिहितोय. कुणाला जोड सापडला तर सांगा.

मी दौंडचा. स्टेशनपासून जवळच एका गाळ्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्न होतं माझ्या मामेबहिणीचं, सोनालीचं. मामांचं घर रांजणगावच्या पुढे, शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवर. मामांचे आजोबा मेंढरं घेऊन हिंडायचे. मामांपर्यंत येता येता मेंढरं गेली, कांदा आला आणि एमआयडीसी आली. मामा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होते, कामगारांना शिफ्टला नेणं-आणणं करायचे. सोनालीच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी ते अचानक गेले. हार्ट. घरात उरल्या दोघी, मामी आणि सोनाली. नवरामुलगा महेश पाटसकडचा, कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला. पोरगा गरीब आहे स्वभावाने, फक्त कुठेही बसला की झोपतो. शिफ्टवाल्यांचं असंच असतं.

आता माझी कामाची पद्धत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या भागात लग्नाचा पिक्चर असाच पेनड्राइव्हवर घालून दिला तर भांडणं होतात. कुणाचा तरी चुलता राहिलेला असतो, कुणाची थोरली मावशी जेवतानाच फक्त दिसते. म्हणून फायनल करण्याआधी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी जातो, एचडीएमआय केबलने त्यांच्या टीव्हीला जोडतो आणि दोन्हीकडच्या चार माणसांना बसवून सगळं दाखवतो. टीव्हीवर नुसतं चित्र दिसतं, मोठं आणि स्वच्छ. लॅपटॉपवर तेच चित्र एका कोपऱ्यात, आणि खाली माझी टाइमलाइन, म्हणजे कापलेल्या क्लिपांच्या पट्ट्या. लोक सांगतात, "आमच्या तात्यांना घ्या," मी तिथेच तात्यांना घेतो. भांडण मिटतं.

आणि मी बसतो टीव्हीकडे पाठ करून. लॅपटॉप मांडीवर, तोंड माणसांकडे. पिक्चर मी शंभरदा बघितलेला असतो, मला तो बघायचा नसतोच. मला बघायची असतात तोंडं. कुठे हसले, कुठे आळस दिला, कुठे एकमेकींच्या कानाला लागल्या... त्यावर मी काय ठेवायचं नि काय उडवायचं ते ठरवतो. माझी बायको म्हणते, तुला सिनेमाला न्यायची पण लाज वाटते, तू पडद्याऐवजी शेजारच्याचं तोंड बघतोस. खरं आहे ते.

तर सोनालीचा पिक्चर जुळवायला घेतला तेव्हा तिचा फोन आला. बोलण्यात नेहमीसारखी मस्ती नव्हती. म्हणाली, "दादा, आईला कुठंतरी शोध की रं. मी दोन दिवस फोटो बघतीय, आई एका बी फोटोत न्हाई."

मी म्हटलं असं कसं होईल, मुलीची आई आहे ती. आणि सगळं फुटेज उघडून बसलो. हळद, साखरपुडा, लग्न, पाठवणी, दोन कॅमेऱ्यांचं सगळं. मामी खरोखर कुठे नव्हती. एका ठिकाणी ताट पुढे सरकवणारा हात होता, बांगडी नसलेला. एका ठिकाणी दारातून आत वळणारी पाठ. कन्यादानाला चुलत्या-चुलतीचं जोडपं बसलेलं, हळदीला भोवताली सगळ्या सवाष्णी. कॅमेरा वळला की मामी बाजूला व्हायची. कुणी तिला ये म्हटलं नव्हतं आणि नको येऊ पण म्हटलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवून टाकलं होतं. नवरा गेलेल्या बाईने शुभकार्यात मागे राहायचं, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही, हीच तर खरी मेख आहे. पिक्चरच्या सुरुवातीला मामांचा हार घातलेला फोटो मी टाकला होता, आमच्याकडे टाकतातच. म्हणजे गेलेल्या माणसाला पहिली जागा, आणि जिवंत माणूस सगळ्या लग्नात कुठेच नाही. मला फार राग आला. कुणाचा ते विचारू नका, मलाही सांगता येणार नाही.

तो हात आणि ती पाठ मी पिक्चरमध्ये टाकली. सोनालीला काही सांगितलं नाही.

दाखवणीला आम्ही मामांच्या घरी जमलो. दुपारची वेळ, जेवणं झालेली. उन्हाळा सरत आला होता, पण पत्र्याच्या पडवीत अजून भट्टीच होती, म्हणून आतल्या खोलीत बसलो. टीव्ही मामांनीच घेतलेला, भिंतीवर मोठा. समोर सतरंजीवर महेश, त्याची आई आणि त्याचे आजोबा, ज्यांना सगळे आबा म्हणतात. ते तिघं पाटसहून खास आलेले. सोनाली महेशच्या बाजूला. मामी दाराशी, अर्धी आत अर्धी स्वयंपाकघरात, हातात उगाच एक फडकं. मी टीव्हीखाली पाठ टेकून.

आबा म्हणजे एक प्रकरण आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना दिसतंय एवढं की दुसऱ्यांना दिसू नये तेही दिसतं. त्यांनी सुरुवातीलाच मला दम दिला, "पाव्हणं, माझा फेटा लई येळ दाखवा. दीड तास लागलाय बांधायला." मी फेटा खरंच बराच वेळ ठेवला होता. ते खूश. महेशची आई गप्प, सरळ बसलेली बाई. पदर डोक्यावरून जरा ढळला की लगेच नीट करायची. मामी त्यांना मनातून घाबरायची, हे मला लग्नातच कळलं होतं.

फोटो झाला, साखरपुडा झाला, हळद लागली. बँडवाल्यांचा एक लांब तुकडा होता, तो महेशच्या मित्रांच्या आग्रहाने ठेवलेला. बँड वाजायला लागला आणि मधेच टीव्हीचा आवाज गेला.

मला वाटलं केबल हलली. मी लॅपटॉपकडे बघितलं तर तिथे सगळं व्यवस्थित चालू... कोपऱ्यात बँडवाले नाचतायत, बाजूला आवाजाचे हिरवे-पिवळे पट्टे वरखाली होतायत. आवाज फक्त टीव्हीतून येत नव्हता. हात मागे करून केबल चाचपली, ती घट्ट होती. मग मी समोर बघितलं.

लोकांची तोंडं वाचायची मला सवय आहे. कंटाळा कसा दिसतो, कौतुक कसं दिसतं, "ही बघ ही कशी मिरवतीय" कसं दिसतं, सगळं पाठ आहे. पण त्या दुपारी समोर जे दिसलं ते आधी कधी बघितलं नव्हतं. आबा पुढे वाकले होते, तोंड थोडं उघडं, लहान मुलं बघतात तसे. महेश, जो साखरपुड्यालाच पेंगायला लागला होता, तो टक्क जागा. महेशच्या आईचा पदर खांद्यावर आलेला आणि तिला पत्ता नाही. सोनालीने दोन्ही हात तोंडावर धरले होते. आणि मामी... मामीच्या हातातलं फडकं खाली पडलं होतं आणि तिचा चेहरा असा झाला होता, जसं कुणी भर चावडीत तिचं नाव पुकारलंय.

मी मान वळवली. टीव्हीवर बँड होता. त्याच क्षणाला आवाजही परत आला, दणक्यात.

मी स्पेस दाबून पिक्चर थांबवला आणि विचारलं, काय झालं? पहिले बोलले ते आबा, आणि तेही कौतुकाने. "ही कवाची काढली? लई झ्याक काढलीय. मागं घ्या की जरा." मी म्हटलं काय मागे घेऊ? ते म्हणाले, पोरीच्या पायाला हळद लावतात ते.

मी म्हटलं असं काही नाहीये यात. आबांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग मामी बोलली. आवाज अगदी बारीक, आणि फक्त माझ्याशी.

"संतोष, तू कवा आला व्हतास रं तिथं? आन् काढलंस तर काढलंस... ह्यांच्या म्होरं कशाला दाखवलंस?"

एवढं बोलून ती आत गेली. मला तिचं बोलणं समजलं नाही, पण मी काहीतरी भयंकर केलंय असं तिला वाटतंय एवढं समजलं. मला मामीने लहानपणी भरवलंय. सुट्टीत महिना महिना मी त्या घरात पडून असायचो. तिच्या तोंडून माझ्याविषयी असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

काय दिसलं ते मग सोनालीने सांगितलं, रडत रडत. महेशने आणि आबांनी मधे मधे भर घातली. मागची पडवी, जिथे शेळ्या बांधतात ती. सकाळचं कोवळं ऊन. सोनाली पोत्यावर बसलेली, तिचे पाय मामीच्या मांडीवर. मामीच्या शेजारी मिसळणाचा डबा उघडा. मामी वाटीतली हळद तिच्या तळपायांना लावतेय. त्याआधी मामीने मान वर करून सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं, ओठ हलले, काहीतरी बोलली, हसली, आणि मग हळद लावायला लागली. आवाज नव्हता. चित्र दारात उभं राहून एखाद्या माणसाने काढावं तसं, थोडं वरून, जरासुद्धा न हलणारं.

आणि हे सगळं खरंच झालं होतं. हळदीच्या दिवशी, पाहुणे उठायच्या आत. नवरदेवाची उष्टी हळद यायची होती, सवाष्णींनी लावायची होती. मामीला त्यात जागा नव्हती. तिने स्वयंपाकाच्या डब्यातली हळद घेतली, त्यात साय कालवली, आणि लेकीला मागे नेऊन कुणाला दिसणार नाही अशा जागी, तळपायांना लावली. दोघींनी एकमेकींना शपथ घातली होती कुणाला सांगायचं नाही म्हणून. तिथे दोघींशिवाय कुणी नव्हतं. माझे दोन्ही कॅमेरावाले तेव्हा मंडपात, गाद्यांवर आडवे. मी तर अजून दौंडमध्येच होतो.

म्हणजे विधवा आईने, नवरदेवाकडची हळद यायच्या आधी, मुलीला पहिली हळद लावली. आणि ते सासरच्यांनी मोठ्या टीव्हीवर बघितलं. आता मामीचा चेहरा तसा का झाला ते मला कळलं.

मी लॅपटॉप फिरवून सगळ्यांना टाइमलाइन दाखवली. बँडचा तुकडा मागे-पुढे करून वाजवला, टीव्हीवर पण वाजवला. बँडच. आबा नाराज होऊन म्हणाले, पाव्हणं दडवायलेत. महेश माझ्याकडे असा बघत होता की मला स्वतःचीच शंका यायला लागली.

एवढ्या वेळात महेशची आई उठली होती. डोक्यावर पदर घेतला आणि कुणाला काही न सांगता स्वयंपाकघरात गेली. सोनालीने महेशचा हात धरला होता, आणि तो बिचारा दाराकडे बघत होता. लग्न होऊन महिना-दीड महिना झालेला... आता आतून काय ऐकू येतंय याच धाकात आम्ही चौघं.

आधी मामीचं ऐकू आलं. चुकलं, म्हणत होती. माझं चुकलं, पोरीला काही बोलू नका. मग महेशच्या आईचा आवाज, नेहमीसारखाच सपाट.

"माझ्या लग्नात माझी आई चुलीम्होरं बसून व्हती, इहीणबाई. बाप न्हवता मला. ह्या दिवसापत्तुर मला वाटायचं, तिनं एकदा तरी हात लावाय पायजे व्हता. तुम्ही लावलात. आता डब्बा घ्या आन् भाईर चला."

मामी येईना. शेवटी त्यांनीच तिला मनगटाला धरून आणलं, दुसऱ्या हातात मिसळणाचा डबा. सतरंजीवर सोनालीसमोर बसवलं. आबांच्या कपाळावर आठी पडली, म्हातारा माणूस, त्यांचं जग वेगळं. म्हणाले, रीत न्हाई ही. मग आपणच जरा विचार केला आणि म्हणाले, आता टीव्हीवर समद्यांनी बघितलंच हाय तर झाकायचं काय राहिलं... पण पाव्हणं, ह्या येळी नीट काढा आन् दडवू नका. महेश खुदकन हसला. त्या हसण्याने खोलीतली हवा मोकळी झाली.

कॅमेरा गाडीत होता, तो आणून मी तो सगळा प्रसंग काढला. मामीने डब्यातली हळद वाटीत कालवली. या वेळी पायांना नाही, गालांना लावली. सोनाली रडत होती, मामी रडत होती, महेशची आई वाटी धरून बसली होती आणि तिचेही डोळे भरलेले. आणि मीही, आता लाज कसली, मीही व्ह्यूफाइंडरमधून धूसरच बघत होतो. फोकस दोनदा गेला त्यात. मी तो तसाच ठेवलाय. पिक्चरमध्ये हळदीचा शेवटचा तुकडा तोच आहे, आणि माझ्या आजवरच्या सगळ्या कामात मला तेवढाच मनापासून आवडतो.

आता तुमच्यातले जाणकार विचारतील ते सगळं मी करून बसलोय. टीव्ही नेटला जोडलेला नव्हता, वस्तीवर रेंजच धड नाही. पेनड्राइव्हची जागा रिकामी होती. कुणाच्या मोबाईलवरून चित्र टीव्हीवर पाठवलं असेल तर आधी ते चित्र कुठेतरी असायला हवं ना... दोन्ही कॅमेऱ्यांची कार्डं मी पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली, कॅमेरावाल्यांचे मोबाईल बघितले, सोनालीचा बघितला. मागच्या पडवीचं एकसुद्धा चित्र कुठे नाही. बरं, सगळ्यांना भास झाला म्हणावं, तर सोनालीला आणि मामीला तो प्रसंग माहीत होता, त्यांचं सोडा. महेश, त्याची आई आणि आबा, या तिघांना तो मिसळणाचा डबा कुठून माहीत? मी त्यांना नंतर वेगवेगळं गाठून विचारलं. तिघांनी डबा सांगितला, पोतं सांगितलं, आणि आबांनी तर एक शेळी मामीचा पदर ओढत होती हेही सांगितलं. सोनाली म्हणाली, ओढत होती. आणि ज्याने अशा गोष्टी पकडण्यात हयात घालवली तो मी तेवढा टीव्हीकडे पाठ करून बसलो होतो. याला काय म्हणावं.

पेनड्राइव्ह द्यायला मी वस्तीवर गेलो तेव्हा मामी एकटीच होती. सोनाली सासरी, घर जरा मोठं मोठं वाटत होतं. मामीने चहा केला. मी काढलं नव्हतं हे तिला आता पटलं होतं, तिनेच डोक्यावरून हात फिरवून तसं सांगितलं. मग मला राहवेना. म्हटलं, मामी, सगळे म्हणतात तू वर बघून कुणाशी तरी बोललीस. तिथे तर कुणी नव्हतं. काय म्हणालीस?

मामीने हातातला कप खाली ठेवला.

"लावू का, म्हणलं," ती म्हणाली. "एकटीनं कसं लावायचं रं? त्यांची बी लेक हाय ती."

मी विचारलं, मग?

"मग काय," मामी म्हणाली. "लावली की."